भुंडा काटा

तुम्ही चोर आहात, साहेब. ‘साहेब’ हे जिभेच्या सवयीनं आलं, ‘चोर’ मात्र विचार करून म्हणतोय. तुम्ही म्हणजे आज त्या खुर्चीत जो कोणी बसलाय तो, त्याच्या आधी जो होता तो, आणि ज्याचा फोटो तुमच्या जिन्याच्या वळणावर लावलाय तोही. माणसं बदलली, खुर्ची तीच आहे, तेव्हा मी खुर्चीशी बोलतोय असं धरा. खुर्चीला कान नसतात हे मला ठाऊक आहे. पण पाय असतात आणि ते कुणाच्या ना कुणाच्या पावलावर रोवलेले असतात. तुमचं भिंतीवरचं घड्याळ माझ्या दुकानात आहे. चालू आहे. ते न्यायला तुमची गाडी निघालीय असा फोन येऊन गेला. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं श्वास बाहेरच घ्यायचा. तिथल्या एकुलत्या एका स्टुलावर माझी आई बसली आहे, चपला पायात, पिशवी मांडीवर, जणू गाडी घड्याळाला नाही, तिलाच न्यायला येणार आहे. ती लवकर येऊन बसली आहे. ती सगळीकडे लवकरच येऊन बसते. तशी बसायला तिला तुम्ही लावलंत. कसं लावलंत ते मला आता कळलंय, आणि कळल्यापासून माझा एक पाय सारखा हलतो. बसलो तरी हलतो, जेवताना हलतो, बायको म्हणते झोपेतसुद्धा हलतो.

सुरुवात अगदी चिल्लर गोष्टीनं झाली. दुपार होती. घड्याळ जोडून झालं होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि चाचणीसाठी मी ते उघड्या भिंतीवर टांगलं होतं. त्याची लाकडी पेटी पॉलिशच्या वासात अजून बाहेर उभी होती. लंबक झुलत होता. वजन उतरत होतं, पण इतकं हळू की बघत बसलं तर हलत नाही आणि नजर काढली की खाली आलेलं असतं. मी थर्मासमधून चहा ओतला, वर पाहिलं, तर मोठा काटा सहावर. साडेतीन. पण दुकानातली बाकीची घड्याळं साडेतीनला पोचायची होती. घड्याळजीच्या दुकानात दहा घड्याळं दहा वेळा दाखवतात असा लोकांचा एक शिळा विनोद आहे. माझ्या दुकानात तो चालत नाही. माझ्याकडे सगळी एकाच वेळी बोलतात, नाहीतर मला चैन पडत नाही. म्हणून मी कप खाली ठेवला आणि पाहत राहिलो. मोठा काटा सहावर उभा. नुसता उभा. लंबक चाललाय, टिकटिक चाललीय, आणि हा खाली तोंड करून लोंबतोय, बोलावलेल्या वेळेच्या आधीच येऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, आपण काही केलंच नाही असा चेहरा करून. मग बाकीची घड्याळं साडेतीनला आली, आणि त्याच क्षणी हा निघाला, सगळ्यांच्या पावलात पाऊल टाकून, साळसूद. मी सकाळपासून दर तासाला तपासत होतो. दर तासाला तो बरोबर होता. साडेतीनला बरोबर होता. फक्त साडेतीनला तो चार मिनिटं आधीच पोचला होता आणि वाट बघत थांबला होता. माझ्या चहावर साय धरली.

हे समजायला घड्याळजी असावं लागत नाही. लांब काट्याला मागच्या बाजूला एक शेपटी असते, वजनदार, तोल सांभाळायला. तराजूचं दुसरं पारडं म्हणा. तुमच्या घड्याळाच्या मोठ्या काट्याची ती शेपटी कधीतरी तुटली. तुटली ती तुटली, जोडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत; तुटलेल्या टोकावर काळा रंग फासला. मी तो रंग खरवडला आहे. वरचा थर, त्याखालचा, त्याच्याही खालचा, आणि सगळ्यात तळाशी तुमच्या कचेरीचा तो जुना डांबरासारखा काळा, जो दारांच्या कड्यांना होता आणि जिन्याच्या कठड्याला होता. म्हणजे शेपटी फार जुन्या काळी गेली. तोल गेलेला काटा वर्षानुवर्षं आपल्या जागेवर डुलत राहिला आणि त्याचं भोक झिजून सैल झालं. मग काय व्हायचं? चढताना, सहाकडून बाराकडे, आतलं यंत्र त्याला ढकलत वर न्यायचं आणि तो बरोबर चालायचा. बारा ओलांडले की स्वतःच्या भारानं टुणकन पुढं कलायचा. सगळा उतार तो पुढं पुढं चालायचा, लवकर सहावर पोचायचा आणि यंत्र मागून येईपर्यंत तिथं लोंबकळायचा. उतारावर घाई आणि पायथ्याशी आराम. जगातले पुष्कळ मोठे लोक असेच चालतात, पण त्यांच्या नावानं कुणाची हजेरी लागत नाही. तुमच्या दारात लागायची. सकाळची पाळी साडेसातला सुरू व्हायची, आणि काटा सहाला टेकला की दार बंद.

ते घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हाच मी ओळखलं होतं. तुमच्या खात्याची एक तरुण अधिकारी बाई ते घेऊन आली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीचं तुम्ही प्रदर्शन करताय म्हणे, बोर्ड, वायरी, कानाला लावायचे हेडफोन, आणि मधोमध हे घड्याळ, चालू. “काका, अगदी पहिल्यासारखं करून द्या,” ती म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. ‘पहिल्यासारखं’ म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. मी तबकडीकडे पाहिलं, पेटीच्या माथ्यावरच्या दोन लाकडी फळांकडे पाहिलं, एक फळ अर्धं फुटलेलं, आणि मला ते लहानपणापासून पाठ होतं. मी ते घड्याळ त्याआधी एकदाही पाहिलेलं नव्हतं. आईनं सांगितलेलं होतं. काही घरांत पोरांना राक्षसाच्या गोष्टी सांगतात, आमच्याकडे घड्याळाच्या असायच्या. मी बाईला काही बोललो नाही. काम घेतलं. आणि खरं सांगायचं तर हात खूष झाले होते. आतलं तेल गोंद होऊन बसलं होतं, त्यात कुठल्या कुठल्या काळातली धूळ, एक मेलेली माशी, केसाचा एक तुकडा. मी एकेक चाक काढलं, पेट्रोलमध्ये धुतलं, प्रत्येक भोक काडीनं फिरवून फिरवून कोरडं केलं. वजनाची पितळी नळी उघडली तर आतल्या शिशावर आणखी शिसं ओतलेलं. घाण साचली, घड्याळ अडलं, की साफ करण्याऐवजी वजन वाढवायचं, ही तुमच्या कारभाराची रीत घड्याळालाही लावलेली. ते जास्तीचं शिसं मी काढलं. स्वच्छ झाल्यावर ते घड्याळ मूळच्या वजनावर इतकं हलकं चाललं, की मी एकटाच दुकानात हसलो. या कामात मला कुणी शिकवलं नाही. बिघडलेली घड्याळं उघडून उघडून शिकलो. शाळेत शिक्षक म्हणायचे, हा मुलगा वेळेच्या आधी येतो आणि डोकं घरी विसरतो.

वेळेच्या आधी. आमच्या घरात कुणी वेळेवर जात नसे, सगळे आधी जात. आईनं घरचं घड्याळ कायम पुढं ठेवलेलं, आणि ते पुढं आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी त्यावर विश्वास ठेवत नसे, आणि विश्वास नाही म्हणून आई ते आणखी पुढं सरकवत असे. मी शाळेच्या फाटकाला टेकून शिपायाची वाट बघायचो. अजून बघतो. दवाखान्यात दिवे लागायच्या आत मी बाकावर असतो. बायको म्हणते, “यांच्याबरोबर सिनेमाला गेलं की आधी झाडूवाल्याची भेट होते.” माझ्याच लग्नात मी इतक्या लवकर पोचलो होतो की हॉलवर आधीच्या लग्नाची माणसं होती आणि कुणीतरी मला वाढप्या समजून पाणी मागितलं, मी दिलं. लोक हसतात, मीही हसतो, पण आत कायम काहीतरी धावत असतं. कुठं पोचायचंय ते ठाऊक नाही, दार बंद होणार आहे एवढंच ठाऊक.

कारण ते दार माझ्यामुळे बंद झालं होतं. निदान घरात तसंच सांगायचे. मी तान्हा होतो. आई एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, बोर्डासमोर बसून वायरी जोडणारी. सकाळी मला मावशीकडे ठेवून जायची, आणि जायच्या आधी पाजायची. मी हळू पिणारं पोर होतो. दोन घोट घेऊन थांबायचो, इकडेतिकडे बघायचो, परत दोन घोट. मावशी दारात उभी राहून ओरडायची, “अगं, काढ त्याला! नोकरी जाईल, दूध काय, संध्याकाळीही मिळेल!” आई मला ओढून काढायची, मी टाहो फोडायचो, आणि ती रस्त्यानं धावत सुटायची. तरी उशीर. रोज उशीर. धापा टाकत जिना चढायची तर मोठा काटा सहावर टेकलेला, दार लोटलेलं, लेटमार्क. आधी ताकीद, मग खाडे, मग एके दिवशी खुद्द साहेब दारात उभा. तुमच्या जिन्यात ज्याचा फोटो आहे तो. सगळ्या बायकांच्या देखत त्यानं विचारलं, “किती वाजले? घड्याळाकडे बघा आणि बोला.” आईनं घड्याळाकडे बघितलं आणि ती बोलली नाही. नोकरी गेली. त्यानंतर वडिलांना एक विषय मिळाला तो जन्मभर पुरला. “हिला न्यायला यम आला तरी ताटकळत बसेल,” ते चारचौघांत म्हणायचे. आणि मावशीनं माझं नाव ठेवलं नोकरीखाऊ. लाडानं हो. मांडीवर घेऊन, गालाला हात लावून, “काय रे नोकरीखाऊ, आज काय खाणार?” मिशा फुटल्या तरी माझं नाव तेच. आई कधी मला तसं म्हणाली नाही, आणि ‘तसं म्हणू नका’ असंही कधी म्हणाली नाही. त्या दिवसाबद्दल ती एकच गोष्ट सांगायची, आणि तीही साहेबाच्या बाजूनं: “बिचारा वाईट नव्हता. मला बोलत होता ना, तेव्हा त्यालाच कसंतरी होत होतं. सारखा कोटाची बाही खाली ओढत होता. थंडी वाजत असेल.” आमच्याकडे कुणी काम टाळून गप्प बसलं की म्हणायचे, याला साहेबाची थंडी भरलीय.

काटा सहावर लोंबताना पाहिला त्या दुपारी मी दुकान बंद करून चालत सुटलो. कुठंही नाही, नुसता. पुलावरून गेलो, बाजारातून गेलो, कुणाच्या तरी हातगाडीला धडकलो, त्यानं आईवरून शिवी दिली आणि मी थांबून त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा म्हणाला, “जा हो, जा, तुमचंच खरं.” माझंच खरं. ते मला कुठं ठेवावं कळत नव्हतं. माणसाला आयुष्यभर एक दगड खिशात ठेवायला सांगितलेला असतो, त्या वजनानं खांदा वाकतो, चाल बदलते, कपडे त्या बाजूनं लवकर फाटतात, आणि मग एक दिवस कुणीतरी सांगतं की दगड तुझा नव्हताच. मग हलकं वाटायला पाहिजे की नाही? मी तो रिकामा खिसाच चाचपत राहिलो. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. काट्याला नवी शेपटी लावायची, भोक भरून घट्ट करायचं, हे माझं काम होतं, मी ते कबूल केलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. ते केलं की घड्याळ खरं बोलायला लागणार, आणि खरं बोलायला लागलं की ते कधी खोटं बोलत होतं याचा पुरावा जगात कुठंच उरणार नाही. दुरुस्ती म्हणजे पुसणं. आणि न करावी तर माझ्या हातून बिघडलेलं घड्याळ बाहेर जाणार, जे कधी गेलं नाही. चार-पाच दिवस मी दुकानात जायचो, पेटीला पॉलिश करायचो, पुसायचो, परत पॉलिश करायचो, आणि दर अर्ध्या तासाला काटा वेळेआधी येऊन माझ्यासमोर लोंबायचा. तुमच्या बाईचे फोन यायचे. “काका, झालं का?” “होतंय.” “काय राहिलंय?” काय राहिलंय! मी म्हणालो, “शेपटी राहिलीय.” ती म्हणाली, “म्हणजे हत्ती गेला म्हणायचा,” आणि खळखळून हसली.

शेवटी मी आईला विचारलं. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. बायको तव्यापाशी. मी म्हटलं, “आई, तुमच्या तिथल्या घड्याळाचा मोठा काटा कसा होता?”

“काळा.”

“तसं नाही. मागं शेपटी होती?”

“लहान्याला होती, चंद्रकोरीसारखी. मोठा भुंडा होता. मी लागले तेव्हापासून भुंडाच. आम्ही त्याला भुंड्याच म्हणायचो. ‘पळा गं, भुंड्या बघतोय.’” ती हसली, मग देठ मोडता मोडता थांबली. “का रे?”

“ते घड्याळ माझ्याकडे आलंय दुरुस्तीला.”

“बंद पडलं?”

“चालतंय. पण ते खोटं बोलायचं, आई. तू वेळेवर जायचीस.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मला ताप आला की बघायची. “घड्याळ कशाला खोटं बोलेल? त्याला काय पगार होता?”

मी समजावू लागलो. ताटाची तबकडी केली, उलथन्याचा काटा केला, बायको म्हणाली, “अहो, ते उलथनं द्या इकडं, पोळी जळतेय.” आईनं काही ऐकलं नाही. ती चिडली. खरंच चिडली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “साहेबानं रेडिओवर जुळवून घेतलं होतं ते घड्याळ. आमच्यादेखत. बरोबर होतं. उगाच मेलेल्यांना दोष देऊ नकोस. मी उशिरा जायचे. मी. सगळ्यांना माहीत आहे.” तिला ते घड्याळ माझ्यापेक्षा खरं होतं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवून अख्खं आयुष्य पुढं सरकवून ठेवलं होतं, आणि आता मी त्याचीच खीळ काढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो तर ती पायरीवर बसलेली. “दाखव,” म्हणाली. मी तिला स्टुलावर बसवलं, भिंतीवरच्या घड्याळासमोर. ती त्याच्याकडे बघायला तयार नव्हती, आधी वजनाकडे बघितलं, मग लंबकाकडे, मग माझ्या टेबलावरच्या चिमट्यांकडे. जुन्या शेजारणीच्या घरी खूप वर्षांनी गेल्यावर बघतात तसं. मग वर. “हाच,” ती म्हणाली. मोठा काटा चढत होता. काटा बारावर आला, सगळी घड्याळं एकदम बोलली, आणि थोड्याच वेळात तो टुणकन पुढं कलला.

आई फस्सकन हसली. “अगं बाई! उचकी! भुंड्याला उचकी लागली की आम्ही सगळ्या हसायचो. बोर्डावर बोलायची बंदी, हसायची बंदी, मग डोळ्यांनी हसायचो.” आणि हसता हसताच तिचा चेहरा तसाच राहिला आणि आतलं हसू निघून गेलं. त्यांना दिसत होतं, साहेब. रोज, दर तासाला, डोळ्यांसमोर ते घड्याळ गुन्हा करत होतं आणि त्या बायका त्याला उचकी म्हणून हसत होत्या. घड्याळाला वेळ विचारायची असते, तशी त्याची झडतीही घ्यायची असते हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

ती उठली नाही. उतार उतरेपर्यंत बसून राहिली. गिऱ्हाईक आलं, मी त्याला हातानंच परत पाठवलं. काटा सहावर टेकला. आईनं बाजूच्या घड्याळाकडे पाहिलं, त्याच्या बाजूच्या, मग परत त्याच्याकडे. तो लोंबत होता. “चाल की मेल्या,” ती हळूच म्हणाली. तो चालला नाही. मग ती एकाएकी उठली आणि दुकानाबाहेर पडली. मी मागं गेलो. ती रस्त्याच्या कडेनं चालत होती, घाई न करता, गुडघ्यावर हात ठेवत; शिंप्याचं दुकान, बेकरी, बंद पडलेला नळ, कोपऱ्यावरची टपालपेटी. तिथं वळली आणि तशीच परत आली. काटा नुकता निघाला होता. तिनं दाराची चौकट धरली.

“पाण्याच्या टाकीपासून एक्स्चेंजच्या जिन्यापर्यंत एवढंच अंतर होतं,” ती म्हणाली. “टाकीपाशी आले की मी धावायला लागायचे. चालत आले असते रे. तुला पोटभर पाजून, तोंड पुसून, चालत आले असते.”

मी तिला पाणी दिलं. तिनं अर्धं प्यायलं आणि उरलेलं माझ्यापुढं केलं, आणि मी ते प्यायलो.

मग मी मूर्खासारखा बोललो. म्हटलं, मी हे दुरुस्त करणार नाही. असंच देतो. लटकू दे त्यांच्या प्रदर्शनात, दर अर्ध्या तासाला त्यांची अब्रू काढू दे. आईनं कपाळाला आठ्या घातल्या. “आणि तिथं झाडायला-पुसायला जी पोरगी असेल, तिची हजेरी कशावर लावतील? नीट कर ते. तुझ्या हातून खोटं घड्याळ जायचं नाही.” मी म्हटलं, मग पुरावा जाईल. ती म्हणाली, “कुणाला दाखवायचाय? मी बघितला.” एवढं बोलून ती जायला निघाली. मी चिमटे हातात घेतले, भिंग डोळ्याला लावलं, काटा उतरवला. पितळेचा तुकडा कापला, घासला, वळवला, लहान्या काट्याच्या चंद्रकोरीला जोड दिसेल असा. भोक भरलं. त्या पूर्ण वेळात आई गेली नव्हती. ती दारातच उभी होती, रस्त्याकडे तोंड करून, आणि तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती आणखी कसला तरी हिशोब लावतेय.

“आम्हाला घड्याळ घालू द्यायचे नाहीत,” ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. “मनगटं मोकळी पाहिजेत. कडं नको, घड्याळ नको. धातू बोर्डाला लागतो म्हणायचे. लागत असेल.”

“हं.”

“साहेबाला होतं. सोनेरी.”

मी भिंग काढलं.

“त्या दिवशी तो दारात उभा होता. भुंड्या सहावर. मी जिन्यावर. मला म्हणाला घड्याळाकडे बघा. मी भिंतीकडे बघितलं.” ती वळली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, तेच मला सहन होईना. “तो मात्र बाही खाली ओढत होता. आणि अरे, त्या दिवसांत उकडत होतं. तुला घामोळं आलेलं होतं.”

घड्याळ आता बरोबर चालतंय. तुमच्या बाईला मी फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, “काका, तेव्हा तर माझा जन्मही नव्हता. मी काय करू?” तिनं काही करायचं नाही. तिचं बरोबर आहे. म्हणून मी तुमच्याशी बोलतोय, खुर्चीशी. खुर्चीचा जन्म तेव्हा झालेला होता. आम्हाला नोकरी परत नको. ती आता कुणाला देणार? प्रदर्शनात आईचं नाव नको, तिथं पाटी लावू नका, तिला व्यासपीठावर बोलावून शाल देऊ नका, ती लवकर येऊन बसेल आणि तुम्ही उशिरा याल. आणि मावशी गेली, वडील गेले, तेव्हा मला नोकरीखाऊ म्हणणाराही आता कुणी उरला नाही. ते नाव मी एकटाच घेऊन बसलोय आणि मला ते आता कुणाच्या तरी हातात द्यायचंय.

बाहेर हॉर्न वाजला. तुमची गाडी आली असावी. आई उठून उभी राहिलीय, पिशवी काखेत मारून, आणि वाट अडवून दारात उभी आहे. मी तिला बाजूला हो म्हणालो. ती म्हणाली, “थांब, मला त्यांना एक विचारू दे.” ड्रायव्हर हसतोय, आजी, काय विचारायचंय, मी नुसता हमाल. तो खरंच नुसता हमाल आहे. म्हणून तिचा प्रश्न मी तिच्या वतीनं तुमच्यापुढं ठेवतो. घड्याळ यंत्र होतं, तुटकं होतं, त्याला माफ आहे. ते भिंतीवर साडेसात दाखवत होतं हे आम्हालाही मान्य. पण त्या सकाळी, कोटाच्या बाहीखाली, तुमच्या मनगटावर किती वाजले होते? मनगटाकडे बघा, आणि बोला.